‘मॅडम, क्वालिटेटिव्ह घेऊ की क्वांटिटेटिव्ह?’

पीएचडीचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, जमा करायचे दिवस आले की हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागतो. मुलाखती-निरीक्षणांची गुणात्मक पद्धत घेऊ, की आकडे मोजणारी संख्यात्मक? विषय ठरलेला असतो, शीर्षक तर हातभर लांब ठरलेलं असतं (शेवटी ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’ आणि त्यापुढे ‘विशेष संदर्भ : अमुक तालुका’), गाईडनी मान डोलावलेली असते, आणि आता फक्त संशोधन पद्धतीचा रकाना भरायचा राहिलेला असतो. म्हणजे हॉल बुक झाला, पत्रिका वाटल्या, आता मुलगी बघायची तेवढी बाकी.

मग बहुतेक जण काय करतात, तर लायब्ररीत जाऊन आधीच्या एखाद्या प्रबंधातून ते सुप्रसिद्ध वाक्य उचलतात. ‘प्रस्तुत संशोधनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून प्राथमिक व दुय्यम अशा दोन्ही साधनांचा वापर करण्यात आला आहे.’ हे वाक्य बचत गटांना चालतं, पंचायत राजला चालतं, शेतकरी आत्महत्यांना चालतं, वृद्धाश्रमांना चालतं, त्याला कशाचंच वावडं नाही. आणि नमुना? शंभर. शंभरच का? टक्केवारी काढायला सोपं जातं म्हणून! हसू नका, हे उत्तर मला तोंडावर मिळालेलं आहे, आणि त्यातल्या त्यात ते प्रामाणिक उत्तर आहे, कारण बाकीचे ‘सोयीस्कर नमुना निवड पद्धती’ असं लिहून मोकळे होतात.

खरी गंमत अशी की पद्धत कुणी फारशी निवडतच नाही, ती भीतीतून ठरते. गणिताची भीती वाटणारे क्वालिटेटिव्हकडे पळतात, माणसांशी बोलायची भीती वाटणारे गूगल फॉर्म काढतात आणि कमिटीची भीती वाटणारे ‘मिश्र पद्धती’ लिहितात, म्हणजे कुणी काही विचारलं तर दोन्ही बाजूंनी कव्हर. गाईडना एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) येत असेल तर त्यातली काय-स्क्वेअर टेस्ट लागणार हे नक्की, मग विषय काहीही असो. मी यात कुणाला नावं ठेवत नाहीये, पैसे नसतात, रजा मिळत नाही, फेलोशिप वेळेवर येत नाही, हे सगळं खरं आहे. पण मग निदान स्वतःला तरी माहीत असावं की आपण हे कशामुळे निवडलं.

मी मुलांना एकच गोष्ट करायला सांगते. शेवटचं प्रकरण उघडा (मनातल्या मनात, लिहिलेलं कुठे असतंय अजून) आणि त्यातलं जे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्हाला लिहायला आवडेल ते आज लिहून काढा. चुकीचं ठरलं तरी चालेल. ते वाक्य ‘इतक्या टक्के’ असं आहे का, ‘हे असं यामुळे होतं’ असं आहे, की ‘हे असं होत गेलं’ असं आहे? हे वाक्य खरं आहे असं माझ्या गावातल्या एखाद्या खवचट माणसाला पटवायचं असेल तर मला त्याला काय दाखवावं लागेल? जे दाखवावं लागेल ती तुमची पद्धत. हे ऐकून मुलं जरा निराश होतात, त्यांना पॉझिटिव्हिझम वगैरे जड तत्त्वज्ञान अपेक्षित असतं. तेही वाचा, परीक्षेत येतं.

माझं स्वतःचं काम ऊसतोडीच्या आसपासचं, त्यामुळे उदाहरण तिथलंच घेते, कारण तिथे पद्धत चुकली तर उत्तर किती फिरतं ते उघड दिसतं.

समजा विषय आहे ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे स्थलांतर’. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि साधारण मार्च-एप्रिलला, पट्टा पडला (कारखान्याचं गाळप संपलं) की परत येतात. आता कॉलेजला सुट्टी असते, किंवा थंडी असते, फिरायला बरं पडतं म्हणून तुम्ही जानेवारीत गावात गेलात. मतदार यादी घेतली, दर दहावं घर घेतलं, अगदी पुस्तकात दिलंय तसं. अर्ध्या घरांना कुलूप. पुस्तक सांगतं, घर बंद असेल तर शेजारचं घर घ्या. तुम्ही शेजारचं घेतलं. झालं! जे गेलेत ते सगळे तुमच्या नमुन्यातून गाळले गेले आणि जे गेलेच नाहीत त्यांना तुम्ही स्थलांतराबद्दल विचारताय. टक्केवारी अगदी व्यवस्थित निघेल, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि ती कुलपांच्या बाहेरच्या लोकांची असेल.

बरं मग मे महिन्यात जा, सगळे घरी असतात. असतात, पण मे म्हणजे लग्नसराई, आणि त्याच सुमाराला मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून) पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोण किती घेणार याची बोलणी चालू होतात, अशा वेळी ‘मागच्या वर्षी तुमची किती फसवणूक झाली’ असं विचारलं तर माणूस तोलूनमापूनच बोलतो. मग फडावर, ऊस तोडतात तिथेच, जा. तिथे पहाटे अंधारात काम सुरू होतं, गाडी भरायला कधी रात्र होते, कोपीवर (झोपडीवर) आल्यावर बाईला चूल पेटवायचीय, आणि तुम्ही चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन बसलाय. शिवाय मुकादम शेजारी उभा. तुम्ही म्हणता, जरा बायकांशी बोलायचंय, तो म्हणतो बोला की, आणि त्यानेच निवडलेल्या चार बायका आणून बसवतो. सही-अंगठ्याचा संमतीपत्राचा कागद काढलात तर वातावरण अजूनच बिघडतं, कारण उचल घेताना असाच कागद पुढे आलेला असतो. एथिक्स कमिटीला मात्र तो कागद हवाच असतो. तोंडी संमती घेऊन तशी नोंद ठेवता येते, पण ते आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं, ऐनवेळी सुचून उपयोग नाही.

सरकारी आकड्यांवरून करू म्हणालात तर तिथे आणखी वेगळी मजा. एनएसएसच्या (राष्ट्रीय नमुना पाहणीच्या) २००७-०८ च्या स्थलांतराच्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित कोण, तर जो वर्षात एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिला तो. ऊसतोडीचा हंगाम कधी चार महिने, कधी पाच, ऊस जास्त असला तर सहाला जाऊन टेकतो. म्हणजे ज्या वर्षी ऊस उदंड, त्या वर्षी लांबलेली टोळी या व्याख्येतून बाहेर पडू शकते. माणूस तोच, कोयता तोच, फक्त रकान्यात मावत नाही.

आणि कारखान्याचे कागद? तिथे हिशोब कोयत्याचा असतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. करार मुकादमाशी, पैसे मुकादमामार्फत, आणि घरात आले तर नवऱ्याच्या हातात. तुमचा प्रश्न बायकांच्या मजुरीचा असेल आणि तुम्ही साधन म्हणून ही कागदपत्रं निवडलीत, तर बाई त्यात सापडणारच नाही, ती अर्ध्या कोयत्यात विरघळलेली असते. याला कुणी संशोधकाचा दोष म्हणत नाही, पण पद्धत निवडतानाच हे कळायला पाहिजे की या साधनात कोण दिसतं आणि कोण मुळातच दिसू शकत नाही.

२०१९ मध्ये गर्भाशय काढण्याचा विषय बातम्यांत आला ते आठवत असेल. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे सतरा टक्क्यांच्या जवळ. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये, देशातलं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्हीकडचे वयोगट वगैरे तंतोतंत जुळतात असं नाही, तरी फरक एवढा मोठा की डोळेझाक करता येत नाही. हे काम मोठ्या पाहणीचंच. तिथे मी वीस मुलाखती घेऊन ‘फार प्रमाण आहे हो’ म्हणाले असते तर कुणी विचारलं नसतं, आकडा आला म्हणून विषय टिकला. क्वालिटेटिव्हवाल्यांना आकड्यांची जी अ‍ॅलर्जी असते ना, ती मला म्हणूनच कळत नाही.

पण ‘का’ विचारायला गेलं की तीच प्रश्नावली आडवी येते. ‘शस्त्रक्रिया स्वेच्छेने केली / दबावाखाली केली’, दोन चौकोन. स्वेच्छेनेवर टिक पडते. पडणारच, कुणी हात धरून नेलेलं नसतं. तेच जरा निवांत बसून, तिच्याच क्रमाने बोलू दिलं की हळूहळू येतं. अंगावरून पांढरं जायचं, डॉक्टर म्हणाले पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, पोरं झालेली, पोरं बंद करायचं ऑपरेशनही झालेलं, मग ती पिशवी ठेवून करायचंय काय, फडावर ना मोरी ना पाणी, पाळीत दोन दिवस बसलं तर खाडा पडतो, खाड्याचा दंड, दंड उचलीत चढतो, आणि शस्त्रक्रियेचा खर्च परत उचलीतूनच. आता यातलं स्वेच्छेने कुठलं आणि दबावाने कुठलं, सांगा. इथे मला टक्केवारी नकोय, मला तो क्रम हवाय, एका गोष्टीवरून दुसरी कशी येते तो. त्याला मोजक्या पण लांब मुलाखती लागतात, त्याही पुन्हा पुन्हा जाऊन, कारण पहिल्या भेटीत बाई पिशवीबद्दल बोलत नाही, पाण्याबद्दल बोलते.

तिसरा कुणी म्हणेल, मला या दोन्हीत रस नाही, मला ही कोयता-उचल-मुकादम पद्धत आली कुठून ते शोधायचंय. मग तुम्ही इतिहासात गेलात, सहकारी कारखानदारीच्या कागदांत गेलात. तिथे प्रवरेचा कारखाना भेटतो, १९५० चा सुमार, विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने पहिले अध्यक्ष म्हणून अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. हे तेच गाडगीळ, पुण्याच्या गोखले संस्थेचे, ज्यांनी पुणे शहराची घरोघरची आर्थिक-सामाजिक पाहणी केली होती. ज्या माणसाला कुटुंबांचे हिशोब मांडायची इतकी सवय, त्याच्या काळातल्या कारखान्याच्या कागदांत तोडणी मजूर किती दिसतो, हाच मला एक भारी विषय वाटतो. कुणी घेत असेल तर घ्या, फुकट देतेय.

म्हणजे विषय एकच, ऊसतोड, आणि तीन शेवटची वाक्यं तीन दिशांना घेऊन जातात. ‘विषयाला कुठली पद्धत योग्य’ हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे, विषयाला पद्धत नसतेच मुळी.

आकडेवाल्यांनी इथे खूष होऊ नये, त्यांच्या घरातही भांडणं आहेत. १९९९-२००० च्या एनएसएस फेरीत खाण्यापिण्याचा खर्च विचारताना गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचा असे दोन्ही रकाने एकाच प्रश्नावलीत शेजारी शेजारी आले. सरकारी अंदाजानुसार गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ वर आली, आणि मग अर्थशास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडत बसले की यातली खरी घट किती आणि दोन रकाने शेजारी ठेवल्यामुळे आलेली किती. एका रकान्याच्या जागेवरून! गूगल फॉर्म बनवताना प्रश्नांचा क्रम कसाही लावणाऱ्यांनी हे एकदा तरी आठवावं.

बायकांच्या कामाचंही तसंच. नेहमीच्या रोजगार पाहणीत माणसाची मुख्य स्थिती विचारतात आणि कोड टाकतात, ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय सरपण-पाणी-शिवण असलं काहीबाही. ओसरीवर बसून तुम्ही विचारता, ताई काय करता, ती म्हणते काही नाही, घरीच असते. मागे दोन म्हशी. तिने शेणाचे हात पदराला पुसून तुम्हाला चहा दिलाय आणि तुम्ही ९२ लिहिताय. २०१७-१८ च्या अशा पाहणीत, म्हणजे पीएलएफएसमध्ये, १५ वर्षांवरच्या बायकांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण) २३.३ टक्के होता. याउलट २०१९ ची टाइम यूज पाहणी ‘काय करता’ विचारतच नाही, ती काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने काय केलं ते विचारते. त्यात घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७, तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांची, म्हणजे जे ओटा पुसायलाही उठत नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत. दोन्ही पाहण्या संख्यात्मक, दोन्ही सरकारी, आणि तीच बाई एकीकडे काहीच करत नाही, दुसरीकडे पाच तास राबते. तेव्हा ‘मी क्वांटिटेटिव्ह घेतलंय’ एवढ्याने काही ठरत नाही हो.

सहमत-असहमतच्या पाच पायऱ्यांबद्दल फार बोलत नाही. गावात ‘पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ’ वाचून दाखवा, समोरची बाई तिसऱ्या विधानाला म्हणते ‘तुम्हीच टाका बाई काय ते, चांगलंच टाका.’ आणि मग आपण ते एसपीएसएसमध्ये घालतो.

काही प्रश्न तर असे असतात की विचारलेच तर उत्तर मिळत नाही, तिथे राहावं लागतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या होत्या. दिंडी एकच, अभंग एकच, चालणं बरोबरीने, आणि जेवायला बसताना ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. त्यांना ते लागलं आणि त्यांनी ते लिहिलं. आता वारीच्या वाटेवर प्रश्नावली घेऊन उभे राहा आणि विचारा, ‘वारीत जातिभेद पाळला जातो असे आपणांस वाटते का?’ शंभरातले नव्वद ‘छे हो माउली’ म्हणतील, आणि खोटं बोलतायत असंही नाही, त्यांना मनापासून तसंच वाटत असतं. पंगत बघायला पंगतीत असावं लागतं. आणि ह्याच इरावतीबाईंनी बर्लिनला पीएचडी केली ती कवट्यांची मोजमापं घेऊन, म्हणजे मोजायला त्या घाबरत नव्हत्या. फलटणचा अभ्यास करताना त्यांनी शहर आणि आजूबाजूची गावं धरून रीतसर पाहणी केली. मला त्या आवडतात त्या याच्यासाठी, कुठल्याच एका पद्धतीचा झेंडा खांद्यावर नाही.

मिश्र पद्धतीला माझा विरोध नाही, पण शंभर फॉर्म आणि शेवटी ‘पाच केस स्टडी’ शेपटासारख्या जोडणं म्हणजे मिश्र पद्धत नाही. ती कशी असते ते बघायचं तर हॅरॉल्ड मान बघा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल, १९१७ मध्ये त्यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास छापून आला (हो हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आता टू बीएचकेचे दर ऐकून चक्कर येते). त्यांना घरोघर जाऊन जमिनी, कर्ज, जमाखर्च सगळं मिळालं, पण तेवढ्याने ‘आज सरासरी सात एकर’ एवढंच कळतं. सात एकर म्हणजे कमी की जास्त? म्हणून ते जुन्या दप्तरात शिरले, आणि मग दिसलं की १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १८१८ ला साडेसतरा, नंतर १४, आणि १९१४-१५ ला सात. घरोघरचा आकडा दप्तराशिवाय मुका होता, दप्तर घरोघरच्या आकड्याशिवाय अर्धवट. एकाची उणीव दुसरा भरून काढतोय, म्हणून दोन पद्धती. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये दुसरी पद्धत काढून टाकली तर पहिलीचं काही अडतंय का बघा. अडत नसेल तर खुशाल काढा, सहा महिने वाचतील.

सध्या माझ्याकडे एक मुलगा येतो, विषय पुण्यातली एमपीएससीवाली मुलं. स्वतः चार वर्षं सदाशिव पेठेत काढलेली, त्यामुळे अभ्यासिका, मेस, कॉट बेसिस सगळं पाठ. त्याचा प्लॅन ठरलेला, पाच अभ्यासिका, प्रत्येकी वीस मुलं, बरोबर शंभर. मी म्हटलं शेवटचं वाक्य लिहून आण. त्याने लिहून आणलं, ‘वारंवार अपयश येऊनही विद्यार्थी परत का जात नाहीत.’ बरं मग, जे परत गेले ते तुझ्या अभ्यासिकेत बसलेत का? तो बराच वेळ गप्प बसला. जे अजून खुर्चीवर आहेत त्यांनाच विचारून ‘का जात नाहीत’ कळणार कसं, गेलेल्यांशी तुलना तर पाहिजे ना. आणि गेलेले कुठे आहेत याची यादी कुणाकडेच नाही.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात करायचं ठरवलं. त्याच्या तालुक्यातली चार गावं घ्यायची, गेल्या दहा वर्षांत त्या गावांतून पुण्याला तयारीला कोण कोण गेलं त्याची गावातच बसून यादी करायची, पारावर अर्ध्या तासात होते असली यादी, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. त्यात लागलेले, परत आलेले, तिथेच क्लासमध्ये शिकवायला लागलेले, लग्न ठरलं म्हणून मधेच बोलावून घेतलेल्या मुली, सगळे येतील. मुलींची नावं पारावर निघणार नाहीत हे त्याच्या लक्षात आधी आलं, माझ्या नंतर, त्यासाठी तो शाळेतल्या बाईंकडे आणि बहिणीच्या मैत्रिणींकडे जाणार आहे. एकूण चाळीस-पन्नास माणसं होतील, शंभर काही होत नाहीत, आणि टक्केवारी काढायला कॅल्क्युलेटर लागेल.

काल त्याचा मेसेज आला. गाईडना कल्पना पटली, पण कमिटीपुढे जाताना नमुना शंभरच दाखव म्हणालेत, उगाच प्रश्न नकोत. तेव्हा आता अजून चार गावं शोधतोय.